इतिवृत्त पक्षाचे एकोणीस दिवस

मी राजकारणात एकूण एकोणीस दिवस होतो. त्यातले पहिले अकरा दिवस बरे गेले. नंतरच्या आठ दिवसांत माझं वजन साडेतीन किलोनं उतरलं, उजव्या डोळ्याची पापणी फडफडायला लागली, आणि आमच्या देवपूर भागातली जी माणसं मला इतकी वर्षं ‘सरिताताईंचे मिस्टर’ म्हणून ओळखत होती ती रस्त्यात थांबवून ‘नमस्कार अध्यक्ष’ म्हणू लागली. नमस्काराला प्रतिनमस्कार करावा की करू नये हेसुद्धा मला ठरवता येईना. केला तर पुरावा, न केला तर माज.

मी गुलाब बैसाणे. धुळ्यात एका सरकारी कार्यालयात आस्थापना शाखेत वरिष्ठ लिपिक आहे. कार्यालय कोणतं ते सांगत नाही. प्रकरण बंद झालं तरी नस्ती, म्हणजे फाइल, मरत नसते, कपाटात पडून असते. आस्थापना म्हणजे लोकांच्या रजा, बदल्या, वेतनवाढी आणि नोटिसा. शिवाय कार्यालयातल्या प्रत्येक बैठकीचं इतिवृत्त गेली सत्तावीस वर्षं मीच लिहितो. कोण हजर होतं, कोण काय बोललं, काय ठरलं. चहा सोडून सगळं.

आता मुद्द्यावर येतो. इंटरनेटवर ‘राष्ट्ररंग’ नावाचा एक खेळ आहे. जगभरातले लोक तिथे लुटुपुटूचे देश चालवतात. संसद असते, पक्ष असतात, निवडणुका होतात, युद्धं होतात, आणि जेवणाची वेळ झाली की युद्ध थांबवून लोक जेवायला जातात. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, “बैसाणे, रक्तदाब वाढतोय, कशात तरी मन रमवा.” सरिता म्हणाली, कुंड्या आणा. मी देश घेतला.

त्या खेळातल्या सागरगड नावाच्या देशात बहुतेक नागरिक मराठी होते. मी नाव नोंदवल्याबरोबर खेळानं मला आपणहून व्यवसाय दिला, मच्छीमार. मी शिंदखेड्यात वाढलेला माणूस. आमच्याकडे पोहायला शिकायचं तर आधी पाणी शोधावं लागायचं. पण दिलेलं काम नाकारायचं नाही हा नोकरीतला संस्कार असल्यामुळे मी रोज संध्याकाळी सात ते साडेआठ इमानेइतबारे मासे पकडू लागलो.

एके दिवशी गेलो तर बंदराला कुलूप. चौकशी केली तेव्हा कळलं, की आमच्या संसदेनं देशातलं एकुलतं एक बंदर शेजारच्या देशाला देऊन टाकलं. मी चर्चेच्या पानावर विचारलं, बैठक कधी झाली? काल. हजर किती होते? तिघं. किती वेळ चालली? सात मिनिटं. इतिवृत्त कुठे आहे? यावर पंतप्रधानांनी, हा सांगलीचा कोणी दंतवैद्य होता, उत्तरादाखल एक हसरा चेहरा पाठवला.

बंदर गेलं याचं मला एवढं वाटलं नाही. बंदरं येतात, जातात. पण इतिवृत्त मागितल्यावर हसायचं? त्याच संध्याकाळी मी ‘इतिवृत्त पक्ष’ स्थापन केला. चाळीसगावचा एक रेल्वेतला माणूस, न्यू जर्सीतली एक गृहिणी आणि आणखी दोघं लगेच संस्थापक झाले. आठव्या दिवशी देशात निवडणूक झाली आणि पंधरापैकी दोन जागा आम्हाला मिळाल्या. सरकार दोन जागांसाठीच अडलेलं होतं. आम्ही पाठिंबा दिला, आणि त्या बदल्यात कायदा करून घेतला, की यापुढे कोणत्याही पक्षाचा मोठा निर्णय एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांश मतांनी, ठरलेल्या सभेत, जागच्या जागी इतिवृत्त नोंदवूनच घ्यावा लागेल, आणि सभा फसली तर पंधरा दिवस दुसरी सभा घेता येणार नाही. मसुदा माझा होता. इतका पक्का मसुदा मी नोकरीतही कधी केला नव्हता. त्यात पळवाट म्हणून नव्हती.

अकराव्या दिवशी माझी बुद्धी फिरली. पक्षाचा जाहीरनामा छापून घेतला. मला पडद्यावर शुद्धलेखनाच्या चुका दिसत नाहीत, कागदावर दिसतात. एक प्रत शेजारच्या मगन नानांना वाचायला दिली. मगन नाना एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. तीस वर्षं ध्वनिक्षेपकावरून गाड्या पुकारल्यामुळे त्यांना हळू बोलता येत नाही आणि ऐकलेली गोष्ट स्वतःजवळ ठेवता येत नाही.

“पक्ष काढा का काय?” नाना ओट्यावरून गरजले.

“नाना, इंटरनेटवर आहे तो.”

“आते बठ्ठंच इंटरनेटवर ऱ्हास. चिन्ह काय?”

“टाचणी.”

“टाचणी टोचस रे! लोकेसले काहीतरी खावानं चिन्ह दे. वांगं दे.”

मी हसलो. तिथेच चुकलं. हसायच्या ऐवजी तो कागद त्यांच्या हातून काढून घ्यायला हवा होता. नानांनी कागदाचा फोटो काढून कॉलनीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. वर लिहिलं, “आपले बैसाणे साहेब मैदानात! सर्वांनी सहकार्य करावे.” त्या वेळी शहरात निवडणुकीचं वारं होतं. तासाभरात तो कागद किती गटांतून फिरला ते मोजायला मला धीर झाला नाही.

जाहीरनाम्यातलं पहिलंच आश्वासन होतं, ‘शंभर दिवसांत बंदर परत मिळवू.’ दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला गेलो तर डेअरीसमोर दोन गट पडलेले. एक म्हणत होता, बंदर पांझरा नदीत मोठ्या पुलाच्या खाली होईल. दुसरा म्हणत होता, खाली कसं होईल, वरच्या अंगालाच जागा आहे. पांझरेत बंदर होण्याइतकं पाणी आहे का, हा प्रश्न एकालाही पडला नव्हता. ‘परत मिळवू’ या शब्दांमुळे तर एका निवृत्त मास्तरांची खात्रीच पटली होती, की धुळ्याला पूर्वी बंदर होतं आणि ते दुसऱ्या जिल्ह्यानं पळवलं. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, “कोणी पळवलं ते नाव घ्या. घाबरू नका.”

मी घाबरलेलोच होतो. कारण आमच्या वर्तणूक नियमांतला पाचवा नियम मला पाठ आहे. सरकारी कर्मचाऱ्याला राजकीय पक्षाचा सभासद होता येत नाही. अध्यक्ष होण्याचा तर त्यात विचारच केलेला नाही, एवढं धाडस कोणी करील असं नियम लिहिणाऱ्यालाही वाटलं नसावं. आणि आमच्या कार्यालयात अधीक्षकाची जागा रिकामी होती, पदोन्नतीच्या यादीत माझं नाव पहिलं होतं. सत्तावीस वर्षं मी सहीसुद्धा रेघेच्या बाहेर जाऊ दिली नव्हती.

त्या दिवशी दुपारी सोनगीरजवळच्या आमच्या भाऊबंदांच्या गावाहून सुकलाल आबा आले. सत्तर वर्षांचे आबा भर उन्हात बस बदलून आले होते. त्यांनी पिशवीतून सुनेचे चार पासपोर्ट फोटो काढून माझ्यापुढे मांडले.

“गुलाब, बठ्ठं गाव तुना मांगे शे. मनी सूनले पंचायत समितीनं तिकीट दे.”

“आबा, हा खरा पक्ष नाही. खेळ आहे, खेळ.”

“राजकारण खेळच शे ना भाऊ. कोन नही म्हणस?” आबा म्हणाले आणि चहा बशीत ओतला.

मी त्यांना मोबाइलवर सागरगडचा नकाशा दाखवला. आबांनी तो हातभर लांब धरून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, यात शिंदखेडा तालुका कुठला? मी हरलो. आबा फोटो ठेवून गेले.

तिसऱ्या दिवशी अभिमन नावाचा माणूस आला. पांढरा शर्ट, दोन मोबाइल. आमच्या प्रभागात उभे राहू पाहणाऱ्या एका पुढाऱ्याचा हा उजवा हात. सरितानं पाणी आणून ठेवलं आणि ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

“आमच्या साहेबांनी विचारलंय, तुम्ही किती मतं खाणार?”

“एकही नाही.”

“म्हणजे बसणार?”

“बसायला मी उभाच नाही हो.”

“मग कोणाला उभं करताय?”

“कोणालाच नाही. पक्षच नाही!”

अभिमननं टीपॉयवरच्या सुनेच्या चार फोटोंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “बैसाणे साहेब,” तो उठत म्हणाला, “तुम्ही साधे वाटता, पण मुरलेले आहात.” जिना उतरताना तो फोनवर कोणाला तरी सांगत होता, की महिला उमेदवार ठरलेली आहे.

दोन दिवसांनी कार्यालयात माझ्याविरुद्ध तक्रार आली. आमच्या प्रमुख ज्योत्स्ना खैरनार मॅडम. वर्ग एक. मोजकं बोलतात, हिरव्या शाईनं लिहितात आणि कागद दोनदा वाचतात. त्यांनी मला दालनात बोलावलं. तक्रारीला माझ्या जाहीरनाम्याची प्रत जोडलेली होती. त्यात एक शुद्धलेखनाची चूक राहिली होती आणि माझी नजर आधी तिच्यावरच गेली.

“भाऊसाहेब, कारणे दाखवा नोटीस काढा.”

“कोणाला, मॅडम?”

“तुम्हाला.”

नोटिसा काढणं हे माझ्याच टेबलाचं काम. दुसऱ्या कोणाला तो नमुना येत नाही. मी जागेवर जाऊन स्वतःविरुद्ध मसुदा लिहायला बसलो. ‘आपण’ म्हणजे मीच, हे मला दर दोन ओळींनी स्वतःला सांगावं लागत होतं. मॅडमनी मसुदा वाचून परत दिला. म्हणाल्या, “नेहमीसारखी कडक नाही झाली.” खरं होतं ते. मी ‘आपणाविरुद्ध शिस्तभंगाची कारवाई का करण्यात येऊ नये’ हे वाक्य घालून ती कडक केली. खुलाशाला मुदत घालताना सवयीनं तीन दिवस लिहिले आणि मग लक्षात आलं, सात लिहिता आले असते. जावक क्रमांक टाकला. ‘मिळाली’ म्हणून सही केली. पोहोच स्वतःच नस्तीला लावली.

खुलाशात काय लिहायचं? पक्ष नाही असं लिहायचं तर दाखला हवा. सरकारी कागदाला कागदच लागतो. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून निवडणूक कार्यालयात पक्षांची यादी असते त्या खिडकीवर गेलो आणि म्हणालो, “पक्ष नसल्याचा दाखला पाहिजे.”

“कोणता पक्ष?”

“इतिवृत्त पक्ष.”

खिडकीतल्या गृहस्थांनी यादी पाहिली. “हा आमच्या यादीत नाही.”

“तेवढंच लिहून द्या.”

“अहो, यादीत नसलेल्या पक्षाविषयी आम्ही कसं लिहून देणार? यादीत असता तर लगेच दिलं असतं.”

त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच बोललो असतो. त्यामुळे भांडताही आलं नाही. स्कूटर ढकलत बाहेर आलो. किल्ली खिशातच होती, पण ती लावायची आठवण चौकापर्यंत झाली नाही. डोक्यात एकच चक्र फिरत होतं. चौकशी, निलंबन, पेन्शन, मगन नाना ओट्यावरून सगळ्या कॉलनीला निलंबन पुकारताहेत. घरी सरितानं विचारलं, “काय म्हणाले?” मी म्हटलं, “बघू.” तिनं माझा डबा घासायला नेला.

मग एकच मार्ग उरला. पक्ष विसर्जित करायचा आणि त्याचा ठराव खुलाशाला जोडायचा. मी मॅडमना तसं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, “मला शुक्रवारी पाच वाजेपर्यंत वर अहवाल पाठवायचा आहे. माझ्यासमोर विसर्जित करा. मी डोळ्यांनी पाहीन.”

सभा शुक्रवारी दुपारी चार वाजता ठेवली. म्हणजे सागरगडच्या इतिहासात प्रथमच एका पक्षाची सर्वसाधारण सभा धुळ्याच्या एका शासकीय दालनात, भारत सरकारच्या तीन सिंहांच्या चित्राखाली भरली. मॅडमच्या खुर्चीशेजारी माझी खुर्ची. दार लोटलेलं. सदस्य पस्तीस. मी ठराव मांडला आणि मते मागवली. सभा एका तासाची.

मला वाटलं होतं दहा मिनिटांत उरकेल. न्यू जर्सीच्या बाईंनी पहाटे उठून रडका चेहरा पाठवला आणि बाजूनं मत दिलं. चाळीसगावच्या रेल्वेवाल्यानं आधी सूचनेत एक दुरुस्ती सुचवली, मग ती मागे घेतली, मग मत दिलं. चार वाजून पस्तीस मिनिटांनी तेवीस मते बाजूनं झाली होती. आठ जण हजरच नव्हते आणि चौघं विरोधात होते.

विरोधातल्या एकाचं नाव वेस्ता पावरा. सातपुड्याच्या पायथ्याला शिरपूरकडच्या एका पाड्यावर शिक्षक. त्यांच्याकडे पाण्याच्या टाकीवर चढल्याशिवाय नेटवर्क येत नाही, हे त्यांनी स्वतःच कधीतरी लिहिलं होतं. त्यांचा मजकूर पडद्यावर आला आणि मॅडमनी तो मोठ्यानं वाचला, कारण माझा चष्मा घामानं धूसर झाला होता.

“‘अध्यक्ष, पक्ष मोडू नका. मी आयुष्यात शंभर सभांना बसलो. सतरंजीवर बसून परत आलो. सभेत काय ठरलं ते वाचायला मिळालं, असं पहिल्यांदा तुमच्यामुळे झालं. विरोधात.’”

मॅडम थांबल्या. मी चष्मा पुसला. एवढ्या वर्षांत मी लिहिलेलं इतिवृत्त कोणी वाचलं म्हणून मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि ज्या माणसानं सांगितलं त्याला मी उत्तर काय देणार होतो, तर ‘माझी नोकरी जाईल’. मी तेच लिहिलं. टाकीवरून उत्तर आलं, “समजलो सर. पण मत बदलत नाही.” माणूस सरळ होता.

“किती लागतात?” मॅडमनी घड्याळ पाहत विचारलं.

“पस्तीसचे दोन तृतीयांश तेवीस पूर्णांक तेहेतीस. म्हणजे चोवीस.”

“एक कमी.”

“हो, मॅडम. आणि आता फसली तर पंधरा दिवस सभा नाही.”

“कोणी केला असला नियम?”

मी पडद्यावर कायद्याखालचं मसुदाकाराचं नाव दाखवलं. त्यांना समजलं.

चार वाजून पंचेचाळीस. मॅडमनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. वरून दोनदा फोन येऊन गेला होता. “नवा सदस्य आत्ता मत देऊ शकतो?”

“देऊ शकतो. छत्तीसचे दोन तृतीयांशही चोवीसच होतात.”

“मग बोलवा कोणाला तरी.”

“मॅडम, बाहेरच्याला समजावेपर्यंत पाच वाजतील, आणि कर्मचाऱ्याला बोलावलं तर त्यालाही नोटीस काढावी लागेल. ती मलाच काढावी लागेल.”

मग मॅडमनी पर्समधून स्वतःचा मोबाइल काढला. “दाखवा, कुठे नाव घालायचं.”

मी दाखवलं. त्यांनी भराभरा नोंदणी केली. खेळानं त्यांना दीपगृहाची पहारेकरीण केलं. पक्षप्रवेशाच्या पानावर ‘मी पक्षाच्या ध्येयधोरणांशी एकनिष्ठ राहीन’ असा चौकोन होता, त्यावर त्यांनी टिचकी मारली. चार वाजून छप्पन्न मिनिटांनी चोविसावं मत पडलं. ठराव मंजूर झाला. माझ्याच कायद्याप्रमाणे इतिवृत्त आपोआप नोंदलं गेलं आणि सागरगडच्या सगळ्या नागरिकांना दिसू लागलं.

मॅडमनी ते वाचलं. एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं. नाव लिहायच्या रकान्यात त्यांनी सवयीनं पूर्ण नाव, हुद्दा आणि कंसात वर्ग एक असं घातलं होतं.

“भाऊसाहेब, यात माझं नाव आलंय.”

“निर्णायक मत म्हणून आलंय, मॅडम.”

“काढता येईल?”

“पुढच्या बैठकीत दुरुस्ती सुचवता येते. पण आता पक्ष नाही, त्यामुळे पुढची बैठक नाही.”

मी पाचवा नियम मनातल्या मनात म्हणत होतो आणि मला खात्री आहे, मॅडमही तोच म्हणत होत्या. शेवटी त्यांनी माझी नस्ती पुढे ओढली. ‘सदर बाब मनोरंजनपर संगणकीय खेळाची असून त्यात राजकीय स्वरूपाचे काहीही आढळून येत नाही. खुलासा मान्य. प्रकरण बंद.’ अक्षर नेहमीपेक्षा मोठं होतं. सही केली. ‘काहीही’ या शब्दाखाली रेघ मारली.

“आता हे आपल्या दोघांत,” त्या म्हणाल्या.

“हो, मॅडम.” सागरगडचे तीनशे बारा नागरिक मी धरले नाहीत.

बाहेर आलो. सायकल स्टँडच्या कठड्यावर दहा मिनिटं बसून राहिलो आणि मग घरी गेलो. सरिता खिचडीला फोडणी देत होती. मी तिथेच दारात उभा राहून तिला सगळं सांगितलं. वेस्ता पावरा, चोवीस मतं, दीपगृहाची पहारेकरीण. ती हसायला लागली. पदर तोंडाला लावून हसली, ओट्याला धरून हसली, आणि हसता हसता कधी रडायला लागली ते मला कळलंच नाही.

मी गॅस बंद केला. “अगं, मिटलं ना आता.”

“मला वाटलं, नोकरी गेली,” ती म्हणाली. “तुम्ही रोज ‘बघू’ म्हणत होता. या आठवड्यात तुमच्या डब्यात काय होतं, सांगा बरं.”

मला काही आठवेना. “भाजी होती.”

“तीन दिवस भाजीत मीठ नव्हतं. घालायलाच विसरत होते. माझ्या तर कालच लक्षात आलं. तुम्ही तिन्ही दिवस डबा पुसून आणला.”

मला वाटत होतं, मी एकटाच घाबरलोय. तिनं डोळे पुसले, दोन ताटं घेतली, खिचडी वाढली, वर तेल घातलं. मी पहिला घास घेतला. ती न जेवता माझ्या तोंडाकडे बघत होती.

“मीठ?” तिनं विचारलं.

“थोडं जास्त झालंय,” मी म्हणालो, आणि ताट पुढे केलं. “अजून वाढ.”